सारसांचा शेजार

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठाने गोंदिया जिल्हा पसरलेला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा करण्यात आला. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. भाताच्या पिकाला तेथील लोक धान म्हणतात आणि चहूकडून बांध घालून पाणी साठविलेल्या शेताला बांधी म्हणतात. पावसाचे पाणी अडवावे आणि त्यावर धान पिकवावे, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीपासून या भागात लोकांनी तलाव बांधले. कोहळी समाजाचे लोक या कामी विशेष निष्णात मानले जात. जमिनीचा उतार कोठे आहे, पाळ कोठे घालावी, पाणी कोणत्या बाजूने सोडावे, हे ते केवळ अनुभवाने ओळखीत. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. एवढे लांबलचक नाव नित्य कोण घेणार? लोकांनी दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे उचलली आणि त्यांचे ‘मामा तलाव’ करून टाकले.

या मामाच्या घरी पिढ्यान् पिढ्या राहत आलेला एक भाचा आहे. त्याचे नाव सारस.

मुलांनो, आकाशात उडू शकणाऱ्या जगातील सर्व पक्ष्यांत सारस हा सर्वांत उंच. मान ताठ करून उभा राहिला, तर त्याची उंची पाच ते सहा फूट भरते. म्हणजे तो तुमच्याजवळ येऊन उभा राहिला, तर तुम्हालाच मान वर करावी लागेल! पंख पसरले म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे आठ फूट अंतर होते. अंगाचा रंग फिकट राखी, पाय लांब आणि गुलाबी छटेचे, आणि डोके व मानेचा वरचा भाग लालभडक. डोक्याच्या माथ्यावर तेवढा राखी रंगाचा एक गुळगुळीत पट्टा असतो. दुरून पाहावे तर एखाद्या राखी वस्त्र नेसलेल्या पुरुषाने तांबडा फेटा बांधला आहे, असे वाटते.

सारस झाडावर बसत नाही. त्याच्या पायाचे मागचे बोट आखूड व वर सरकलेले असल्यामुळे त्याला फांदी धरता येत नाही. त्याचा सारा संसार जमिनीवर आणि उथळ पाण्यात. पाण्यातून संथ पावले टाकीत तो कंदमुळे, धान्याचे दाणे, किडे, बेडूक, गोगलगायी असे अन्न वेचतो. थंडीच्या दिवसांत दूरदेशाहून येणारे आणि उन्हाळा लागताच परत जाणारे पक्षी तुम्हाला ठाऊक असतील. सारस तसा पाहुणा नव्हे. तो बारा महिने येथेच राहतो. म्हणून त्याला पाहुणा म्हणण्यापेक्षा शेजारी म्हणणेच अधिक योग्य.

सारस नेहमी जोडीने राहतो. नर आणि मादी वर्षानुवर्षे एकमेकांची साथ सोडीत नाहीत. या निष्ठेमुळे आपल्या देशात त्यांच्याविषयी फार प्राचीन काळापासून प्रेम आहे. व्याधाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील एकाला मारले आणि ते दुःख पाहून वाल्मीकींच्या मुखातून श्लोक बाहेर पडला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. तो क्रौंच म्हणजे सारसच असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. १६०५ ते १६२७ या काळात राज्य करणाऱ्या जहांगीर बादशहाने सारसांची एक जोडी पाळली होती आणि त्यांना लैला व मजनू अशी नावे दिली होती. त्यांनी अंडी किती घातली, ती उबवण्यास किती दिवस लागले, हे त्याने स्वतः पाहून आपल्या आठवणींत लिहून ठेवले. ते दिवस चौतीस भरले. राज्याचा एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाला एका पक्ष्याच्या घरट्यापाशी बसून दिवस मोजावेसे वाटले, यातच त्या पक्ष्याची थोरवी आली.

आज भारतात अदमासे पंधरा ते वीस हजार सारस आहेत. त्यांतील फार मोठा भाग उत्तर प्रदेशात राहतो, आणि सारस हा त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आपल्या महाराष्ट्रात मात्र सारस जवळजवळ गोंदिया आणि त्याच्या शेजारचा भंडारा या दोन जिल्ह्यांपुरताच उरला आहे. तेथे दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सारसांची गणना होते. अलीकडील गणनांत दोन्ही जिल्ह्यांतील सारसांची बेरीज केली, तरी ती पन्नासही भरत नाही. तुमच्या वर्गात जेवढी मुले बसतात, जवळजवळ तेवढेच सारस साऱ्या महाराष्ट्रात!

अशा या पक्ष्याच्या दर्शनासाठी मार्गशीर्ष महिन्यातील एका सायंकाळी आम्ही गोंदियाकडील एका लहानशा गावी गेलो होतो. बरोबर सातव्या इयत्तेतील बारा मुलेमुली होती. गावाच्या वेशीपाशी एक वृद्ध कास्तकार आमची वाट पाहत उभे होते. पावसाळ्यात त्यांच्याच बांधीत सारसांच्या एका जोडीने घरटे केले होते. खांद्यावर घोंगडी टाकून ते पुढे चालू लागले. धान कापून झाल्यामुळे बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. बांधांच्या कडेने चालता चालता मुले त्यांना प्रश्न विचारीत होती.

“आजोबा, घरटे कसे दिसत होते?” एका मुलीने विचारले.

“घरटे कसले, पाण्यातला ओटाच तो!” आजोबा म्हणाले. “धानाची रोवणी होऊन पंधरा दिवस झाले असतील. एके दिवशी सकाळी पाहतो, तर बांधीच्या मधोमध रोपे उपटून, गवत ओढून भला मोठा ढीग रचलेला. चार दिवसांनी त्यावर दोन अंडी. नर उठला की मादी बसायची आणि मादी उठली की नर बसायचा. भर पावसातसुद्धा घरटे रिकामे म्हणून दिसले नाही. महिनाभर त्यांचा हाच क्रम.”

“मग तुमचे धान गेलेच की!” एक मुलगा म्हणाला.

“गेले ना. माझा मुलगा तेच म्हणाला. बाबा, एवढी रोपे मोडली, यांना हुसकावून लावू. मी म्हटले, चार पायल्या धान कमी होईल, होऊ दे. ज्या घरी पाळणा हलतो, त्या घराजवळ शेजाऱ्यांनी आरडाओरडा करू नये.”

त्यांनी तेवढ्यावरच भागविले नव्हते. घरटे असलेल्या बांधीत आणि लगतच्या दोन बांध्यांत त्यांनी कीटकनाशक फवारले नाही. निंदणीच्या वेळी घरट्याभोवतीचा भाग सोडून दिला. गावातील गुराख्यांना सांगून त्या बाजूची कुत्री आवरून धरली. भाद्रपदात अंडी फुटली. दोन पिलांपैकी एक पहिल्याच आठवड्यात दिसेनासे झाले. दुसरे मात्र जगले. ते आईबापांच्या मागोमाग बांध्यांतून हिंडू लागले आणि पाहता पाहता त्यांच्या खांद्याला लागले.

बोलत बोलत आम्ही तलावाच्या पाळीवर आलो. वाटेत आजोबांनी हात वर करून विजेच्या तारा दाखविल्या. शेत आणि तलाव यांच्या मधूनच त्या गेल्या होत्या. ते म्हणाले, “मागील वर्षी याच तारांना धडकून एक सारस पडला. अंग जड, वेग मोठा. संधिप्रकाशात तार दिसली नाही तर वेळेवर वळता येत नाही. आमच्या या पोराला उडता येऊ लागून आठच दिवस झाले आहेत. पोर उडू लागले की आईबापांची काळजी संपते, असे लोक म्हणतात. मला तर आता कुठे काळजी लागली आहे.”

मुले एकदम गप्प झाली. “आज तिघेही येतील ना?” एका मुलीने हळूच विचारले. आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी फक्त बसण्याची जागा दाखविली.

पश्चिमेच्या पाळीवर पळसाच्या झुडपांआड आम्ही बसलो. मावळता सूर्य आमच्या पाठीशी होता. त्यामुळे आमच्या डोळ्यांवर ऊन येत नव्हते आणि समोरच्या पाण्यावर मात्र सोनेरी प्रकाश पडला होता. तलावाच्या खोल भागात काळ्या अंगाचे व पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी पोहत होते. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटांची पावले टाकीत चालले होते. पलीकडच्या काठाशी पाणी उथळ होते आणि तेथे देवधान वाढले होते. देवधान म्हणजे आपोआप उगवणारे रानटी धान. सारसांना रात्री उभे राहायला अशीच जागा लागते. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, म्हणजे कोल्हा किंवा कुत्रा चोरपावलांनी जवळ येऊ शकत नाही. पाणी खळबळते आणि सारस सावध होतो.

थोड्याच वेळात एक मोठा राखी पक्षी तलावावर आला. “सारस! सारस!” असे एक मुलगा पुटपुटला. आजोबांनी मान हलविली. “त्याची मान पाहा. उडताना त्याने ती दुमडून घेतली आहे. तो राखी बगळा. सारस मान पुढे ताणून आणि पाय मागे ताणून उडतो, भाल्यासारखा सरळ.” अशा रीतीने त्या मुलाच्या उतावळेपणाने सर्वांनाच एक खूण कायमची कळली.

सूर्य बुडाला. गार वारा सुटला. अर्धा घटका कोणी बोलले नाही. एवढ्यात दूर बांध्यांच्या बाजूने एक आवाज आला. तुतारी फुंकावी तसा तो मोठा, खणखणीत आवाज होता. त्याने साऱ्या तलावाची शांतता भेदली. वारकरी क्षणभर पोहायचे थांबले. आजोबा उठून उभे राहिले.

पूर्वेच्या आकाशात दोन ठिपके दिसू लागले. ते वाढत वाढत जवळ आले. लांब माना पुढे, लांब पाय मागे, आणि मोठमोठ्या पंखांची संथ उघडझाप. दोघेही तारांच्या बरेच वरून गेले. पण ते दोघेच होते! मुलांनी आजोबांकडे पाहिले. आजोबा तारांकडे पाहत होते.

आणि मग तो दिसला. आईबापांच्या मागे बऱ्याच अंतरावर, त्यांच्यापेक्षा पुष्कळ खालून, जोराजोराने पंख मारीत तिसरा सारस येत होता. त्याची उंची तारांएवढीच होती. आमच्यापैकी एकानेही त्या क्षणी श्वास घेतला नसेल. पुढे गेलेल्या दोघांपैकी एकाने वळून पुन्हा तशीच खणखणीत हाक दिली. पिलाने पंखांचे चारपाच जोरदार फटके मारले, ते वर उचलले गेले आणि तारांना हातभर उंचीवरून ओलांडून तलावावर आले. मुलांच्या तोंडातून नकळत एक उसासा बाहेर पडला. आजोबांनी घोंगडी सावरली आणि ते खाली बसले.

तिन्ही सारस देवधानाजवळच्या उथळ पाण्यात उतरले. आता दुर्बिणीतून त्यांना नीट पाहता आले. पिलाचे डोके आईबापांसारखे लाल नव्हते. त्यावर अजून तांबूस पिंगट पिसे होती. थोड्या वेळाने नर आणि मादी शेजारी शेजारी उभी राहिली. त्यांनी माना आकाशाकडे ताठ केल्या, नराने पंख किंचित उचलले आणि दोघांनी मिळून साद घातली. नराचा एक आवाज झाला की मादीचे दोन व्हावयाचे, असा त्यांचा ताल होता. हे सारसांचे युगुलगान. ‘हा तलाव आमचा आहे आणि आम्ही दोघे येथे आहोत,’ असेच जणू ते सर्वांना बजावीत असतात.

अंधार पडल्यावर आम्ही विजेरी न लावता हळूच पाळ उतरलो. वाटेत एका मुलाने विचारले, “आजोबा, तुम्ही सारसांसाठी एवढे केले. त्यांच्यापासून तुम्हाला काय मिळते?”

आजोबा हसले आणि म्हणाले, “अरे बाळा, शेजाऱ्याकडून कोणी भाडे मागतो का?”

मुलांनो, या उत्तरावर विचार करा. वाघासाठी आपण अभयारण्ये राखली. तेथे वाघाचे राज्य आणि माणसाला मर्यादा. सारसाचे तसे नाही. त्याचे घरटे पुष्कळदा कोणाच्या तरी शेतात असते आणि त्याचा रात्रीचा निवारा गावाच्या तलावात असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारण्यास किंवा त्याची अंडी नेण्यास मनाई केली आहे. हा कायदा हवाच. परंतु प्रत्येक बांधीवर पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे शेतकऱ्याचे मन हाच पहारेकरी.

सारसापुढील संकटेही बहुतेक आपणच निर्माण केलेली आहेत. बांध्यांत विषारी औषधे फवारली, तर त्यांतील किडे आणि बेडूक मरतात आणि विष पक्ष्याच्याही पोटात जाते. तलावांत बेशरम नावाची परदेशी वनस्पती माजली, म्हणजे देवधानासारख्या उपयुक्त वनस्पतींना जागा उरत नाही. तलावातील गाळ काढणे चांगलेच. पण चारही काठ खोल व उभे केले, तर सारसाने उभे कोठे राहावे? विजेवाचून आज गावाचे चालत नाही. पण तारांवर ठळक खुणा लावल्या, म्हणजे त्या पक्ष्यांना दुरून दिसू शकतात. यांतील एकही उपाय असा नाही, की ज्यासाठी माणसाला आपले पोट बांधावे लागेल. काठाचा एक भाग उथळ ठेवावा, दोनतीन बांध्यांत फवारणी करू नये, कुत्री आवरावीत. चांगला शेजारी दुसऱ्या शेजाऱ्यासाठी याहून कितीतरी अधिक करतो.

शिवाय सारस जेथे टिकतो, तेथे तलावात पाणी आहे, पाण्यात मासे-बेडूक आहेत आणि मातीत विष कमी आहे, असे समजावे. या गोष्टी काही केवळ सारसाच्या हिताच्या नाहीत. त्याच पाण्यावर धान पिकते आणि त्याच पाण्यात गावातील मासेमार आपले जाळे टाकतो.

दर श्रावणात, रोवणी आटोपली की, सारसांची जोडी घरट्यासाठी जागा शोधीत बांध्यांवरून हिंडू लागते. कोणाच्या शेतात उतरावे, हे ती ठरविते. तिला तेथे राहू द्यावे की नाही, हे मात्र त्या शेताच्या धन्याने ठरवावयाचे असते. महाराष्ट्रात सारस राहणार की नाही, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर अशा एकेका लहान बांधीत दिले जात असते.

शब्दार्थ

निष्णात — तरबेज, कुशल. पाळ — तलावाचा बांध. मालगुजार — गावाचा सारा वसूल करणारा जमीनधारक. व्याध — शिकारी. कास्तकार — शेतकरी. पायली — धान्य मोजण्याचे एक माप. निंदणी — पिकातील तण काढणे. संधिप्रकाश — सूर्यास्तानंतरचा अंधुक उजेड. युगुलगान — दोघांनी मिळून गाइलेले गाणे.

अभ्यास

१. ‘मामा तलाव’ हे नाव कसे पडले?

२. सारसाला पाहुणा न म्हणता शेजारी म्हणणे योग्य का, ते सांगा.

३. उडणारा राखी बगळा आणि उडणारा सारस यांतील फरक कसा ओळखाल?

४. सारस रात्री उथळ पाण्यात का उभे राहतात?

५. ‘मला तर आता कुठे काळजी लागली आहे,’ असे आजोबा का म्हणाले?

६. ‘शेजाऱ्याकडून कोणी भाडे मागतो का?’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.

७. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : पाळणा हलणे, हुसकावून लावणे, पोट बांधणे, शांतता भेदणे.

८. पाठातील ‘खणखणीत आवाज’, ‘संथ पावले’ यांसारखे विशेषण व नाम यांचे आणखी पाच जोड शोधून लिहा.

९. उपक्रम : आपल्या गावाजवळच्या तलावावर, ओढ्यावर किंवा नदीकाठी वडील माणसांसोबत एक सायंकाळ शांतपणे बसा. तेथे आलेल्या पक्ष्यांचा रंग, मान, पाय आणि उडण्याची पद्धत यांची वहीत नोंद करा. पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका, आवाज करू नका आणि घरट्याला हात लावू नका.